लॅपटॉपची हार्डडिस्क बदलायची आहे: विंडोज, टॅली, पेजमेकर, मराठी फाँट सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर कसं न्यावं?

कोरा कागद

मंडळी, डीटीपी आणि हिशेब अशा दोन्ही कामांचा एक लॅपटॉप एसएसडीवर न्यायचा आहे. तपशील असा:

आय-५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएम हार्डडिस्क, विंडोज १०. आत एम.२ची (एसएसडीची पट्टी बसवायची) एक जागा रिकामी आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये चार कप्पे (पार्टिशन) दिसतात: सिस्टीम रिझर्व्हड ५४९ एमबी, सी २०० जीबी (त्यात १३८ भरलेले), डी ३५० जीबी, ई ३८० जीबी. डीवर टॅलीचा डेटा, ईवर जुन्या अंकांच्या पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फायली.

५०० जीबीची एनव्हीएमई (एम.२त बसणारी वेगवान एसएसडी) घ्यायचं जवळजवळ ठरलंय. प्रश्न तीन.

१. क्लोन करावं (म्हणजे आहे तशी हुबेहूब प्रत काढावी) की विंडोज नव्याने टाकावं?
२. ९३१ जीबीची (विंडोजला १ टीबी तेवढीच दिसते) डिस्क ४६५ जीबीत (म्हणजे नव्या ५००त) बसवायची कशी?
३. टॅलीचं लायसन्स, डिजिटल सिग्नेचरचं टोकन (रिटर्नवर सही करायचं उपकरण) आणि शंभरएक जुने बिगर-युनिकोड मराठी फाँट यांचं काय होईल?

पेजमेकर पुन्हा टाकायची वेळ आली तर कठीण आहे. सीडी आहे, पण ती वाचणारा ड्राइव्ह आता कुठल्याच मशीनला नाही.

पारवा

नव्याने टाका. इतक्या वर्षांच्या विंडोजमध्ये उरलेसुरले ड्रायव्हर, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर, दोन-दोन अँटिव्हायरसचे अवशेष असतात. क्लोन केलंत तर तो सगळा कचरा वेगाने चालेल, इतकंच. नवं विंडोज एसएसडीवर अर्ध्या तासात बसतं. कीसुद्धा लागत नाही, विंडोज ८पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये ती बायॉसमध्येच (मशीनच्या मूळ सेटिंगच्या चिपमध्ये) असते.

दगडू

पारवाशी सहमत, पण पेजमेकरचं काय ते सांगा. नुसता प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर उचलून नव्या विंडोजवर ठेवला तर चालत नाही. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या) नोंदी, सामाईक डीएलएल, लायसन्सच्या फायली सगळीकडे पसरलेल्या असतात.

तिसरी घंटा

क्लोन की नवं, हा नंतरचा प्रश्न. आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि चार ओळी वाचा:

०५: बदली दिलेले सेक्टर.
सी५: वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर.
सी६: दुरुस्त न होणारे सेक्टर.
सी७: डिस्क आणि बोर्डामधल्या जोडणीतल्या चुका.

शेवटच्या रकान्यातला आकडा बघायचा. बऱ्याचदा तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) असतो, सेटिंगमधून दशमान करून घ्या. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर क्लोनच्या नादाला लागू नका, पहिल्यांदा कामाच्या फायली बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर साधा क्लोन चालवला की तो एकाच खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतो आणि डिस्कचे उरलेले तासही तिथेच संपतात.

०५ला थोडा आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल तर चालवून घेता येतं. वाढत असेल तर नाही.

सांधेबदल

कोरा कागद, तुमच्या यादीतला पहिलाच कप्पा खूप काही सांगतो. 'सिस्टीम रिझर्व्हड ५४९ एमबी' दिसतंय आणि ईएफआयचा (नव्या पद्धतीने सुरू व्हायला लागणारा) १०० एमबीचा कप्पा नाही, याचा अर्थ डिस्क एमबीआर (कप्प्यांची यादी ठेवायच्या जुन्या) पद्धतीची आहे आणि विंडोज लीगसी (जुन्या तऱ्हेने सुरू व्हायच्या) मोडमध्ये टाकलेलं आहे. आठव्या पिढीचा लॅपटॉप कारखान्यातून असा येत नाही. मधे कधीतरी कुणीतरी फॉरमॅट करून सी, डी, ई पाडून दिलेले आहेत.

खात्रीसाठी: विंडोज+आर, 'एमएसइन्फो३२', त्यात 'बायॉस मोड' ही ओळ. तिथे 'लीगसी' असेल.

हे महत्त्वाचं का, तर बहुतेक लॅपटॉप लीगसी मोडमध्ये एनव्हीएमईवरून बूटच होत नाहीत. तुम्ही सरळ क्लोन केलंत तर क्लोन शंभर टक्के यशस्वी झाल्याचा संदेश येईल आणि मशीन म्हणेल 'बूट डिव्हाइस नाही'. मग दोष एसएसडीला दिला जातो.

तुमच्या केसमध्ये एक चांगली गोष्टही आहे. अख्खी डिस्क हलवायची गरजच नाही. एनव्हीएमई एम.२मध्ये बसेल आणि जुनी हार्डडिस्क आहे त्याच जागी राहील. म्हणजे फक्त सी न्यायचा, डी आणि ई जिथल्या तिथे. २०० जीबीचा सी ४६५ जीबीत आरामात बसतो. तुमचा दुसरा प्रश्न इथेच संपला.

संध्याकाळी क्रमवार लिहितो.

पारवा

हे एमबीआरचं लक्षात आलं नव्हतं. पण मग एमबीआरची जीपीटी ही नवी पद्धत करून देणारं एमबीआर२जीपीटी नावाचं साधन विंडोज १०मध्येच आहे की. आधी डिस्क बदलून घ्यायची, मग क्लोन.

सांधेबदल

इथे चालणार नाही. एमबीआर२जीपीटीला जास्तीत जास्त तीन प्रायमरी कप्पे चालतात, चौथा असेल किंवा एक्स्टेंडेड/लॉजिकल कप्पा असेल तर ते तपासणीतच नकार देतं. यांच्याकडे चार आहेत. त्यात ज्या डिस्कवर एकुलता एक डेटा आहे तिचीच पार्टिशन टेबल (कप्प्यांची यादी) बदलायची, हे मला पटत नाही. नवी डिस्क कोरी आहे, जे काय करायचं ते तिच्यावर करू.

बारा बलुते

खरेदी करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा.

एम.२ हा फक्त खाचेचा आकार आहे. तिच्यात साटा (हार्डडिस्कच्याच जुन्या जोडणीची एसएसडी) चालेल की एनव्हीएमई की दोन्ही, हे बोर्डावर अवलंबून. लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल मॉडेल नंबर टाकून मिळतं. दोन खाचा असलेली पट्टी बहुधा साटाची, एकच खाच असलेली एनव्हीएमईची. पण जागेतली खाच बघून ओळखायला जाऊ नका, कारण एम प्रकारच्या जागेत दोन्ही बसू शकतात.

दुसरं, लांबी. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३०च बसते. शेवटच्या स्क्रूचा खांब कुठे आहे ते झाकण उघडून बघा. तो स्क्रू एम२ मापाचा असतो आणि रिकाम्या जागेत बहुतेक वेळा दिलेलाच नसतो. आधीच मागून ठेवा, नाहीतर सगळं उघडून बसल्यावर त्या एका स्क्रूसाठी बाजारात जावं लागतं.

आठव्या पिढीला जेन ३ (जोडणीच्या वेगाची तिसरी पिढी) मिळतं. दुकानदार जेन ४ दाखवेल, ती चालते, पण जेन ३च्याच वेगाने. तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याऐवजी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) प्रकारची घ्या. स्वस्त क्यूएलसीत (चार बिट) सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहिले जातात आणि राखीव एसएलसी कॅश (झटपट लिहायची जागा) भरली की वेग हार्डडिस्कइतका खाली येऊ शकतो. १३८ जीबीच्या कॉपीत ते नक्की जाणवतं.

दगडू

५४०० आरपीएमवरून येताय तर जेन ३ काय, साटा एसएसडीसुद्धा विमान वाटेल.

बारा बलुते

त्यामागचं गणित सांगतो. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडीचा एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. सरासरी अर्धा फेरा थांबायचं, वर डोकं सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण ६० विखुरलेली वाचनं, फार तर. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली अशाच विखुरलेल्या वाचल्या जातात. डब्यावरचे ५५० (साटा) आणि ३५०० (एनव्हीएमई) एमबी/सेकंद हे आकडे सलग मोठ्या फायलीचे आहेत. रोजच्या कामात साटा आणि एनव्हीएमईतला फरक हार्डडिस्क आणि साटा यांच्यातल्या फरकापुढे किरकोळ आहे.

कोरा कागद

सगळ्यांचे आभार. तपासलं. बायॉस मोड लीगसीच आहे. ०५ शून्य, सी५ शून्य, सी६ शून्य, पण सी७ १२ दाखवतंय. मॅन्युअलमध्ये २२८०, एनव्हीएमई चालेल असं दिलंय.

तिसरी घंटा

सी७ १२ची काळजी नको. तो आकडा आयुष्यभराची बेरीज असतो, कधीच खाली येत नाही. कधीतरी कनेक्टर सैल झाला असेल. झाकण उघडाल तेव्हा हार्डडिस्कची रिबन केबल नीट दाबून घ्या आणि नंतर तो १२च राहतो का पाहा. तुमची डिस्क वाचायला ठणठणीत आहे.

सांधेबदल

आता क्रम. दोन पेनड्राइव्ह लागतील: एकावर जीपार्टेड लाइव्ह (कप्पे हलवायचं लिनक्सवरचं साधन, १ जीबीचाही पुरेल), दुसऱ्यावर विंडोज १०चं इन्स्टॉलेशन (८ जीबी). दोन्ही रूफसने (पेनड्राइव्ह बूटजोगा करायच्या सॉफ्टवेअरने) करताना जीपीटी आणि यूईएफआय (लीगसीऐवजीची नवी तऱ्हा) निवडा.

जुन्या विंडोजमध्ये करायच्या गोष्टी:

टॅली उघडून लायसन्स सरेंडर (या मशीनवरून मोकळं) करा. इंटरनेट लागेल. हे क्लोनच्या आधी करायचं. टॅलीसारखी सॉफ्टवेअर मशीनच्या हार्डवेअरची ओळख धरून लायसन्स बांधतात. डिस्क बदलली की ती ओळख बदलू शकते आणि मग सरेंडर करायला जुनी डिस्क पुन्हा जोडावी लागते.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. याने हायबरनेशन आणि त्याबरोबर फास्ट स्टार्टअप बंद होतं. ते चालू असताना 'शट डाउन' केलेलं विंडोज खरं तर अर्धं झोपलेलं असतं आणि एनटीएफएस (विंडोजच्या फायलींचा) कप्पा 'वापरात' अशी खूण घेऊन बसतो. लिनक्सवरची सगळी साधनं मग त्याला हात लावायला नकार देतात. शिवाय हायबरफिल फाइल जाते, म्हणजे ८ जीबी रॅमला तीनेक जीबी कॉपी कमी.

'चेकडिस्क सी: /एफ' द्या, रीस्टार्ट करून पूर्ण होऊ द्या.

'रीएजंटसी /डिसेबल' द्या. तुमचं रिकव्हरीचं वातावरण सिस्टीम रिझर्व्हड कप्प्यात असण्याची शक्यता आहे आणि तो आपण नेणार नाही. ही कमांड ती फाइल सीवर परत आणून ठेवते. हे विसरलात तर नव्या ड्राइव्हवर दुरुस्तीचा मेनू उरत नाही.

आता बंद करा, एनव्हीएमई बसवा, आणि एकदा जुन्याच विंडोजमध्ये सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा ड्राइव्ह दिसला की बास. डिस्क इनिशियलाइझ करू का असं विचारेल, रद्द करा. ही पायरी फालतू वाटते पण हिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, मात्र तसं उपकरण कधी दिसलंच नसेल तर बूटच्या वेळी तो चढवला जात नाही. मग निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. जुन्या विंडोजने ड्राइव्ह एकदा ओळखला की तो ड्रायव्हर बूटच्या यादीत जातो, आणि ती यादी क्लोनबरोबर आपोआप येते.

जेवून येतो, मग पुढचं.

बारा बलुते

मधल्या वेळात बसवण्याबद्दल. चार्जर काढा. मागचे स्क्रू बहुधा पीएच० किंवा पीएच१ मापाचे, दोन तरी रबरी पायांखाली लपलेले असतात. सगळ्यांची लांबी सारखी नसते. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू पुढच्या बाजूला लावला तर तळहाताच्या जागी वर फुगवटा येतो. झाकण उचकटायला पातळ प्लास्टिक वापरा, जुनं सिमकार्ड निघालेलं कार्ड उत्तम. धातूचं काही नको.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची, सोनेरी टोकं दिसेनाशी झाली की खाली दाबून स्क्रू. आवळताना जोर नको.

गोंयचो पाऊस

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कोरा कागद यांच्या लॅपटॉपला लागू नाही, पण नवे लॅपटॉप असतील तर सगळ्यात आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बघा. विंडोज ११च्या २४एच२पासून नव्याने इन्स्टॉल केलेल्या होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं. पुष्कळांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हे माहीतच नसतं. 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' दिलं की कळतं.

चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या. तिचा स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार लावणं. नुसतं 'सस्पेंड' केलं तर विंडोजमधून चालणाऱ्या क्लोन सॉफ्टवेअरला पुरतं. जीपार्टेड, क्लोनझिला (क्लोन काढायचं लिनक्सवरचं साधन) यांना मात्र कुलूपबंद कप्प्यातल्या फायली दिसत नाहीत, म्हणून एन्क्रिप्शन पूर्ण काढून, उलगडणं १०० टक्के झाल्यावरच सुरुवात करा.

सांधेबदल

पुढे. बायॉसमध्ये जाऊन बूट मोड लीगसीवरून यूईएफआय करा, सिक्युअर बूट (सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद ठेवा. जुनं विंडोज आता सुरू होणार नाही, ते अपेक्षित आहे. परत लीगसी केलं की ते जसंच्या तसं सुरू होतं, म्हणजे परतीची वाट शेवटपर्यंत खुली आहे.

जीपार्टेडच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. वर उजवीकडे डिस्क निवडायची यादी असते. हार्डडिस्कचं नाव एसडीए असं काहीतरी आणि ९३१ जीबी, नव्या ड्राइव्हचं नाव एनव्हीएमई०एन१ आणि ४६५ जीबी. नाव आणि आकार दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवा ड्राइव्ह निवडून 'डिव्हाइस' मेनूतून नवी पार्टिशन टेबल, प्रकार जीपीटी. सुरुवातीला २६० एमबीचा फॅट३२ कप्पा, त्याला 'ईएसपी' (बूटचा कप्पा) हा फ्लॅग. आता हार्डडिस्कवर जाऊन सीचा २०० जीबीचा कप्पा कॉपी करा, परत नव्या ड्राइव्हवर येऊन रिकाम्या जागेत पेस्ट. पेस्टच्या वेळीच तो ओढून शेवटपर्यंत वाढवता येतो, फक्त शेवटी १ जीबी मोकळा सोडा, पुढे रिकव्हरीच्या कप्प्यासाठी उपयोगी पडतो. 'अप्लाय' दाबल्यावरच खरं काम सुरू होतं.

फक्त भरलेला भाग वाचला जातो. १३८ जीबी, हार्डडिस्कचा वेग ८० एमबी धरला तर अर्धा तास. फायली विस्कळीत असतील तर पाऊण. चार्जर जोडलेला ठेवा, बॅटरीही बसवलेली असू द्या. महावितरणचा भरवसा धरून हे काम करू नये.

संपलं की बंद करा, हार्डडिस्कची केबल काढा आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. पहिल्याच पडद्यावर शिफ्ट+एफ१०. काळ्या खिडकीत 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट व्हॉल्यूम'. २६० एमबीचा कप्पा निवडून त्याला एस हे अक्षर द्या. विंडोजच्या मोठ्या कप्प्याला कोणतं अक्षर मिळालंय तेही बघा, इथे ते सी असेलच असं नाही. डब्ल्यू आहे असं धरू. डिस्कपार्टमधून बाहेर पडा आणि त्या एस कप्प्यात बूटच्या फायली लिहायला द्या:

बीसीडीबूट डब्ल्यू:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेनड्राइव्ह काढून सुरू करा. हार्डडिस्क अजून सुटीच राहू द्या.

काळी खिडकी

सांधेबदल यांच्या कृतीत एक भर, तीही ही काळी खिडकी उघडी असतानाच करायची.

विंडोज ड्राइव्हची अक्षरं रजिस्ट्रीत 'माउंटेडडिव्हायसेस' इथे लिहून ठेवतं. एमबीआर डिस्कसाठी तिथे डिस्कची सही आणि कप्प्याची सुरुवात नोंदलेली असते. म्हणजे तुमच्या क्लोनमध्ये अजूनही 'सी म्हणजे जुन्या डिस्कवरचा कप्पा' असंच लिहिलेलं आहे. कधी विंडोज स्वतः सावरून घेतं, कधी नाही. नाही सावरलं तर पासवर्ड टाकल्यावर रिकामा निळा पडदा येतो, स्टार्ट मेनू नाही, काही नाही.

टाळायचं असेल तर बीसीडीबूटनंतर 'रेजएडिट' लिहा. एचकी लोकल मशीन निवडून 'फाइल' मेनूतून 'लोड हाइव्ह', फाइल डब्ल्यू:\विंडोज\सिस्टीम३२\कॉन्फिग\सिस्टीम. काहीही तात्पुरतं नाव द्या. आत 'माउंटेडडिव्हायसेस'मध्ये '\डॉसडिव्हायसेस\सी:' ही एकच ओळ पुसा. डी आणि ईच्या ओळींना हात लावू नका, त्या जुन्या डिस्कसाठी बरोबरच आहेत. मग 'अनलोड हाइव्ह'. पुढच्या वेळी विंडोज सी हे अक्षर ज्या कप्प्यावरून सुरू झालंय त्याला देतं.

हार्डडिस्क सुटी ठेवायला सांगितलंय त्याचं कारणही हेच. ती जोडलेली असती तर सी हे अक्षर तिनेच घेतलं असतं, आणि अर्धं विंडोज एनव्हीएमईवरून, अर्धं हार्डडिस्कवरून चालू असं भलतंच झालं असतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, फक्त वेग वाढलेला नसतो.

वाळूचा किल्ला

मध्येच विचारतो. माझा लॅपटॉप अकराव्या पिढीचा आहे. क्लोनझिलाला आतला ड्राइव्ह दिसतच नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरलाही नाही. ड्राइव्ह मेलाय का? विंडोज तर व्यवस्थित चालतंय.

सांधेबदल

ड्राइव्ह ठीक आहे. बायॉसमध्ये इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी/रेड (ड्राइव्ह इंटेलच्या ड्रायव्हरमागे ठेवणारी सेटिंग) चालू असणार. विंडोजच्या इन्स्टॉलरला इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर देऊन 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवावा लागतो.

ते कायमचं बंद करून एएचसीआयवर (साध्या मोडवर) यायचं असेल तर थेट बदलू नका, निळा पडदा येईल. क्रम असा: बीसीडीएडिटने सेफबूट मिनिमल करा, रीस्टार्ट करतानाच बायॉसमध्ये जाऊन मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग सेफबूटची नोंद पुसून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे सगळे मूळ ड्रायव्हर चढवतं, म्हणून हे जमतं. पासवर्ड आधी आठवून ठेवा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

आणि आठव्या-नवव्या पिढीत १ टीबी हार्डडिस्कबरोबर १६ जीबीची ऑप्टेन (इंटेलची कॅशची) पट्टी असेल तर ती इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून आधी 'डिसेबल' करा. ती नुसती उपटली तर हार्डडिस्कवरचा डेटा अर्धवट राहतो, कारण ताजं लिखाण त्या पट्टीत असू शकतं.

वाळूचा किल्ला

व्हीएमडीच होतं. सेफ मोडच्या वाटेने झालं. आभारी आहे.

काळी खिडकी

उबुंटू वगैरे वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. डीडीने (लिनक्सच्या कॉपीच्या कमांडने) अख्खी डिस्क मोठ्या डिस्कवर उतरवली तर जीपीटीची मागची प्रत नव्या डिस्कच्या मधेच कुठेतरी राहते, ती शेवटी असायला हवी. 'एसजीडिस्क -ई' दिलं की जागेवर जाते. जीपार्टेडही उघडताना 'फिक्स' करू का विचारतं, हो म्हणा. क्लोननंतर दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (ओळखक्रमांक) सारखेच असतात. बीटीआरएफएस (लिनक्सची एक फाइलसिस्टीम) असेल तर दोन्ही एकाच वेळी जोडून माउंट करू नका, ते दोन्हींना एकच समजतं आणि डेटा बिघडू शकतो.

तिसरी घंटा यांनी म्हटलेल्या सी५वाल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू आहे, साधं डीडी नाही. पहिली फेरी '-एन' देऊन, सोबत मॅपफाइल द्यायचीच. ती आधी सोपा भाग उचलते आणि अवघड भाग नंतरसाठी ठेवते. दुसऱ्या फेरीत '-आर३'. मॅपफाइल असेल तर वीज गेली तरी पुन्हा जिथे सोडलं तिथूनच सुरू.

कोरा कागद

झालं. कॉपीला ४१ मिनिटं लागली. काळी खिडकी यांनी सांगितलेली ओळ पुसली होती, पहिल्याच फटक्यात सुरू झालं. विंडोज ॲक्टिव्हेटेड दाखवतंय. टॅली पुन्हा ॲक्टिव्हेट झालं. हार्डडिस्क जोडल्यावर डी आणि ई आपापल्या अक्षरांवर आले, जुना सी 'एफ' म्हणून दिसतोय. पेजमेकर उघडतं, फाँट सगळे जागेवर आहेत.

आता राहिलं ते असं: नंतर काय तपासायचं? आणि तो एफ पुसू का?

सांधेबदल

छान. 'रीएजंटसी /एनेबल' द्या, मग '/इन्फो' देऊन एनेबल्ड दिसतंय ना बघा. बायॉसमध्ये सिक्युअर बूट परत चालू करा. 'एफएसयुटिल बिहेव्हिअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय'चं उत्तर शून्य आलं पाहिजे, म्हणजे ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) चालू आहे. जुना कुठला डीफ्रॅगचा प्रोग्रॅम टाकलेला असेल तर काढा. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' राहू द्या, ते एसएसडी ओळखून तिथे ट्रिमच करतं.

एफला पंधरा दिवस हात लावू नका. महिनाअखेरचं टॅलीचं काम, एक अंक छपाईला जाणं, टोकनने एक रिटर्न भरणं, एवढं नव्या ड्राइव्हवरून होऊ द्या. टोकनमध्ये सर्टिफिकेट टोकनच्या आतच असतं, फक्त ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो आणि तो आलेला आहे, तरी एकदा सही करून पाहाच. मग एफ फॉरमॅट करा. विंडोजमधून फोल्डर एकेक पुसत बसू नका, परवानग्यांपायी अर्धा दिवस जाईल.

पारवा

माझं मूळ मत इतर लॅपटॉपसाठी अजून तेच आहे, पण इथे क्लोन योग्य होता हे मान्य. ज्यांना नव्यानेच टाकायचं आहे त्यांच्यासाठी, या धाग्यातल्यासारखं काम असेल तर जुन्या विंडोजमधून काय काय काढून ठेवायचं ते लिहितो, कारण हे हमखास राहतं:

फाँट दोन ठिकाणी असतात. एक विंडोज\फाँट्स. दुसरं, विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून राइट-क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' केलेले फाँट फक्त त्या युजरच्या ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फाँट्समध्ये जातात. पहिलंच फोल्डर उचललं तर नेमके अलीकडे टाकलेले फाँट मागे राहतात, आणि जुन्या फायलीत देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. नव्या मशीनवर टाकताना 'सर्व युजरसाठी इन्स्टॉल' निवडा, जुन्या प्रोग्रॅमना दुसऱ्या जागचे फाँट बरेचदा दिसत नाहीत.

ड्रायव्हर: 'डिस्म /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर' देऊन एका फोल्डरमध्ये काढा. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर संकेतस्थळावरून गायब झालेले असतात.

ब्राउझरमधले पासवर्ड: क्रोमचं फोल्डर उचलून उपयोग नाही. ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, नव्या विंडोजवर उघडत नाहीत. आधी एक्सपोर्ट किंवा सिंक करा. क्लोनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण खातंही तेच राहतं.

गोंयचो पाऊस

कोरा कागद, तुमचं मशीन आता यूईएफआय आणि जीपीटीवर आलंय. आठव्या पिढीच्या आय-५मध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) असतो, बायॉसमध्ये 'पीटीटी' या नावाने चालू करावा लागेल. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा हे मशीन इंटरनेटवर टॅली आणि रिटर्नसाठी वापरणार असाल तर विंडोज ११चा विचार करा. वरूनच अपग्रेड होतं, सॉफ्टवेअर जागेवर राहतात. फक्त त्याच आठवड्यात नको. आत्ता काही बिघडलं तर क्लोनमुळे की अपग्रेडमुळे, हे कळणार नाही.

तिसरी घंटा

आणि पेजमेकरची आधी खात्री करून घ्या. अपग्रेडच्या आधी सीचा एक पूर्ण क्लोनझिला इमेज बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. ते नाही चाललं तर तासाभरात परत आजच्या जागी येता येतं.

कोरा कागद

डी आणि ई त्याच जुन्या हार्डडिस्कवर राहिले, ते किती दिवस चालवावेत?

तिसरी घंटा

चालू द्या, पण एकुलती एक प्रत म्हणून नको. टॅलीचा डेटा फोल्डर काही जीबींचाच असतो, तो नव्या सीवर हलवा आणि टॅलीत डेटाचा मार्ग बदला. कामाचा वेगही तिथेच वाढेल, कारण टॅलीचं वाचन छोटं-छोटं असतं. डीवर रोजचा बॅकअप जाऊ द्या, म्हणजे दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोन प्रती झाल्या. ईवरच्या जुन्या अंकांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि फाँटचं फोल्डरही त्याच डिस्कवर त्या फायलींच्या शेजारी. बिगर-युनिकोड फायलींचा बॅकअप फाँटशिवाय पुरा होत नाही.

कोरा कागद

टॅलीचा डेटा ६ जीबी निघाला. हलवला, मार्ग बदलला, उघडतंय. ईची कॉपी रात्री लावून ठेवतो. सी७ अजूनही १२च आहे.